पत्रिकेतलं कराची

लिंबायत, सुरत
१२ एप्रिल १९९८

ती. श्रीरंगमामा,

नमस्कार पत्राच्या शेवटी करीन, आधी हुकूम ऐका. माझं लग्न ठरलंय. ३१ मे, रविवार, दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. तुम्ही यायचंच आहे.

मुलाचं नाव कुंदन. हजीऱ्याला गॅसच्या कारखान्यात पाळीवर असतो. बोलतो कमी, त्यामुळे मला बोलायला भरपूर जागा आहे. त्याचे वडील रघुनाथकाका आमच्याच वॉर्डात एका पक्षाचं काम करतात आणि पुढच्या निवडणुकीत नगरसेवकाच्या तिकिटावर डोळा ठेवून आहेत. माणूस मनाने वाईट नाही, पण हातात माईक आला की वेगळाच होतो.

कुंदनने विचारलं, "तुझे मामा कराचीला कसे गं?" मी सांगितलं की माझे आजोबा भुसावळच्या रेल्वे कारखान्यातून जास्त पगारासाठी कराचीला गेले. सत्तेचाळीस साली त्यांनी आजीला आणि लहानग्या मुलीला बोटीने मुंबईला धाडलं, अकरा वर्षांच्या मुलाला हाताशी ठेवलं, आणि घर विकून मागोमाग येतो म्हणाले. घर काही विकलं गेलं नाही. ती मुलगी माझी आई आणि तो मुलगा माझा मामा. कुंदन म्हणाला, "मग तुझ्या मागे उभं कोण राहणार?"

तोच तर प्रश्न आहे. मंगलाष्टकं संपेपर्यंत मुलीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. ज्यांना मामा नाही त्या कुणाला तरी मानलेला मामा करून उभा करतात. मला मामा आहे. तुम्ही एकदाच आलात, मी तेरा वर्षांची असताना, आणि जाताना स्टेशनवर म्हणालात, "तुझ्या लग्नात मागे मी." मी मास्तरीण आहे, मामा. पोरांनी दिलेला शब्द मी विसरत नाही, तर तुमचा कशी विसरेन?

आता नमस्कार.
वृषाली


कराची
४ मे १९९८

चि. वृषाली बेटा,

हुकूम सर आँखों पर. तुमच्या देशाची कराचीतली व्हिसाची कचेरी बंद पडून वर्षं झाली, म्हणून मी इस्लामाबादला जाऊन आलो. अर्जात गावांची नावं लिहावी लागतात, आणि जे गाव लिहिलं नाही तिथे पाय ठेवायचा नाही. मी एकच गाव लिहिलं, सुरत. येण्याचं कारण, भाचीचं लग्न. खिडकीतला बाबू म्हणाला, "मुबारक हो." दोन-तीन हफ्त्यांत जवाब येईल.

माझं मराठी बरं आहे ना? इथल्या मराठी शाळेत चार इयत्ता झाल्या, त्यावरच निभावतोय. बोलायला आपली काही घरं आहेत, पण देवनागरी लिहिणारा आता मीच.

तब्येतीचं विचारशील, तर बंदराच्या वर्कशॉपातून रिटायर झालो तरी रोज चार मजले चढून गच्चीवर कबुतरांना दाणे टाकतो. खालचा गफूरभाई दूधवाला म्हणतो, बुढ्ढ्या, तू माझ्या आधी मरणार नाहीस.

आमचं हैदराबाद, म्हणजे सिंधमधलं, काचेच्या बांगड्यांसाठी मशहूर आहे. तिथे जाऊन तुझ्यासाठी हिरवा चुडा आणला. पोस्टाने पाठवला तर चुरा होईल, म्हणून हातात धरून आणणार.

तुझा मामा
श्रीरंग


सुरत
१९ मे १९९८

ती. मामा,

तुम्हाला बातमी कळली असेलच. तुमच्याकडे तर आमच्या आधी कळली असेल.

अकरा तारखेला संध्याकाळी आमच्या गल्लीत फटाके फुटले. मला वाटलं क्रिकेट. मग टेम्पो आला, त्यावर रघुनाथकाका, हातात माईक. पोखरणला बॉम्ब फोडले म्हणून पेढे वाटत होते. "आता कराचीचं नाव नकाशावर राहणार नाही," असं ते आमच्या दारासमोर म्हणाले. माझी आई ओट्यावर भाजी निवडत बसली होती. ती उठली, टेम्पोजवळ गेली आणि म्हणाली, "रघुनाथभाऊ, मना भाऊ तठेच ऱ्हास." काकांनी माईकवर हात ठेवला. हळूच म्हणाले, "वहिनी, हे आपलं बोलायचं असतं हो." मग हात काढला आणि परत तेच बोलले.

दुसऱ्या दिवशी घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "पोरी, मला काय, मामा चंद्रावरून येवो. पण लोको शुं कहेशे? विरोधी गटाचे लोक वाटच बघतायत. या वेळेपुरता दुसरा मामा उभा करू." नरेंद्र म्हणून त्यांच्या पक्षाचे एक मोठे कार्यकर्ते आहेत, ते उभे राहायला तयार आहेत. नाव होईल म्हणे.

मी म्हटलं, काका, तुम्हाला नाव पाहिजे, मला मामा पाहिजे. ३१ मेचं लग्न मी पुढे ढकललं आहे. होय, मी. सगळे माझ्यावर संतापलेत आणि मला त्याचं काही वाटत नाही. तुमच्या व्हिसाचा जवाब येईपर्यंत मी अशीच राहीन. शाळेतला पगार मला पुरतो.

वृषाली


कराची
१४ जून १९९८

चि. वृषाली,

तुझं खत मिळालं. बेटा, मला येणं जमणार नाही. गुडघा फार दुखतो. जिना चढवत नाही, गाडीचा प्रवास कसा करू? डॉक्टरने मना केलं आहे. तू लग्न उरकून घे. त्या नरेंद्रांना उभं कर. मामा काय, नावाचा.

इथे सगळं खैरियत आहे. अठ्ठावीस मेला आमच्याकडेही तेच झालं जे तुमच्याकडे झालं. त्याआधी पंधरा दिवस फार वाईट गेले. रोज जुलूस. हुकूमत बॉम्ब फोडायला कचरतेय म्हणून लोक वजीर-ए-आझमच्या नावाने बांगड्या दाखवत होते, कुठे कुठे फेकतही होते. रस्त्यावर काच पडलेली मी पाहिली. घरी येऊन तुझ्या चुड्याचा डबा कपाटात मागे सरकवला.

तुझ्या आईला सांग, मी ठीक आहे.

श्रीरंगमामा


सुरत
२५ जुलै १९९८

मामा,

सोबत आईची राखी आहे. ती बांधा आणि मग माझं ऐका.

गुडघा कुठला? मे महिन्यात चार मजले चढत होतात. डॉक्टरचं नाव लिहायचं विसरलात. पोरं शाळेला दांडी मारतात तेव्हा पोट दुखल्याची चिठ्ठी याहून बरी लिहितात.

तुम्हाला कुणी काहीतरी म्हटलंय. काय ते लिहा. मी रघुनाथकाकांना तोंड देते आहे, गल्लीला देते आहे, मुख्याध्यापकांना देते आहे. पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात पोरांकडून पुठ्ठ्याचा बॉम्ब नाचवायचा होता त्यांना. मी म्हटलं, माझ्या वर्गातली पोरं गाणं म्हणतील, बॉम्ब तुम्ही नाचवा. त्यांनी कारणे दाखवा नोटीस काढली. मी कारणं चार पानं लिहून दिली. आता ते ती वाचत बसलेत.

आणि "मामा काय, नावाचा" हे पुन्हा लिहाल तर मी पत्रं बंद करीन. आईला ते वाक्य वाचून दाखवलं नाही. तिला सांगितलं, तुम्ही राखीची वाट बघताय.

वृषाली


कराची
१ नोव्हेंबर १९९८

चि. वृषाली,

राखी अजून मनगटावर आहे. धागा काळा पडला, तरी काढली नाही. गुडघा ठीक आहे. तो कधी बिघडलाच नव्हता.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. अठ्ठावीस मेला दुपारी रेडिओवर ऐलान झालं आणि मोहल्ला रस्त्यावर आला. मी भाजी घेऊन परतत होतो. दहाबारा तरुण, ओळखीतलेच, वाटेत उभे राहिले. "चाचा, तू हिंदू, तुझी बहीण तिकडे. आधी तू नारा दे." गफूरभाई दुकानातून धावत आला. माझ्या हातात झेंडा दिला, एक पेढा माझ्या तोंडात कोंबला आणि कानात म्हणाला, "गिळ आणि घरी जा." मी गिळला, घरी आलो. दोन दिवसांनी इथल्या हिंदू पंचायतीतले आपलेच लोक आले, म्हणाले, श्रीरंग, तू सुरतेला जाशील, परत येशील, आणि जवाब आम्हाला द्यावे लागतील. त्यांचंही खोटं नव्हतं. म्हणून गुडघा दुखला.

पण नोटिशीला तू दिलेल्या चार पानांचं वाचलं आणि मला माझी शरम वाटली. भाची मास्तरांशी लढते आणि मामा गुडघा चोळत बसतो!

आता एक गंमत ऐक. गेल्या महिन्यात दोन्ही मुल्कांचे परराष्ट्र सचिव इस्लामाबादला बसले, याच बॉम्बच्या बाबतीत. इथल्या उर्दू अखबारात छापून आलं की आम्ही झुकलो नाही. तू मागाहून पाठवलेल्या कात्रणात तुमचे म्हणतात, आम्ही झुकलो नाही. टेबल एक, चहा एक, आणि झुकलं कुणीच नाही. मी बंदरात युनियनचं काम केलंय, बेटा. बोलणी करणारा माणूस समोरच्याला कमी घाबरतो. त्याला भीती असते ती पाठीमागे फाटकाशी उभ्या असलेल्या आपल्याच लोकांची. समोरच्याला थोडं दिलं तर हे मला घरी जाऊ देतील का? सही करायला हात उचलतो आणि मान मागे वळते. तुझे रघुनाथकाका वेगळं काय करतात? मी तरी काय केलं?

त्यामुळे आता ठरवलंय. पहिल्या अर्जाचा जवाब काही आला नाही, पत्रिका छापून आली की पुन्हा अर्ज करतो. पंचायतीला सांगून टाकलंय की जवाब मीच देईन. मागे बघणार नाही.

तुझा मामा


सुरत
३ मार्च १९९९

ती. मामा,

तुम्ही पुन्हा अर्ज करणार हे कळलं आणि आई देवळात गेली. मी पत्रिकेच्या मागे लागले.

लग्न २० जून, रविवार. मुहूर्त पुन्हा बारा पस्तीसचाच निघाला. मेच्या मध्याला धोंड्याचा महिना लागतो, त्याच्या आधी लग्नासाठी एकही वाडी मोकळी नाही, म्हणून एवढं लांब. आमच्या पंतप्रधानांची बस लाहोरला गेली तो दिवस आम्ही टीव्हीसमोर काढला. बॉम्बवर दोघांनी कागद केला, क्षेपणास्त्राची चाचणी घेण्याआधी एकमेकांना कळवायचं म्हणे. रघुनाथकाका माझ्या शेजारी बसले होते. टाळ्या वाजवल्या त्यांनी! वरून आदेश आलाय, आता मैत्री. मी म्हटलं, काका, मग आता पत्रिका करू.

आपल्या पत्रिकेत मामाचं नाव गावासकट छापतात हे तुम्हाला ठाऊक आहे. काकांनी पहिला मसुदा आणला, त्यात मामाच नाही. मी परत पाठवला. दुसऱ्यात "मामा : श्री. श्रीरंग बाविस्कर". गाव नाही. परत. तिसऱ्यात, ऐका, "श्री. श्रीरंग बाविस्कर, भुसावळ"! म्हणाले, "खोटं काय आहे त्यात? मूळ गाव भुसावळच ना? तुझंही राहिलं, माझंही राहिलं." मैत्रीचा आदेश उद्या बदलला तर ते छापलेलं कराची पुसता येणार नाही, ही भीती. तुमचं ते मागे मान वळवणं मला तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

मी बोलणार तोवर कुंदन उठला. वर्षभरात पहिल्यांदा वडिलांसमोर बोलला. "बापू, तीन कागद झाले. चौथा मी लिहितो." लिहिलं, खिशात घातलं, सायकल काढली. संध्याकाळी पाचशे पत्रिका छापून आणल्या. एक सोबत आहे. शेवटची ओळ बघा. "कराची" ठळक अक्षरांत आहे, मी सांगितलं नव्हतं.

काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः पत्रिका वाटायला निघाले. मात्र मामाच्या ओळीवर अंगठा ठेवून देतात म्हणे.

वृषाली


कराची
२५ एप्रिल १९९९

चि. वृषाली,

पत्रिका गफूरभाईच्या दुकानात काचेखाली लावली आहे. त्याला वाचता येत नाही, पण गिऱ्हाइकाला बोट दाखवून सांगतो, "ये लिखा है कराची."

इस्लामाबादला अर्ज दिला, पत्रिका जोडली. बाबू तोच होता. म्हणाला, "अजून नाही झालं लग्न?" मी म्हटलं, मामासाठी थांबलंय. त्याने कागद पुन्हा बघितले.

पण तुमची हुकूमत एका मताने पडली म्हणे. लाहोरला आमच्यांनी ज्याच्याशी हात मिळवला तोच आता निवडणुकीच्या मैदानात. आमच्याकडेही बसच्या दिवशी काही लोकांनी दगड मारलेच होते. मला धास्ती वाटते. तरी पेटी भरून ठेवली आहे. चुडा वर, कपड्यांच्या घडीत.

तुझा मामा


सुरत
२३ जून १९९९

ती. मामा,

लग्न झालं. तुम्ही आला नाहीत. व्हिसाचा जवाब आला नाही हे तुम्ही कळवण्याआधी आम्हाला कारगिलने कळवलं होतं. आई रोज दाराकडे बघायची.

जूनमध्ये सगळ्यांनी सांगितलं, पुन्हा पुढे ढकल. मी नाही म्हटलं. गेल्या वर्षी बॉम्ब म्हणून थांबले, आता लढाई म्हणून थांबायचं, म्हणजे माझी तारीख काय हे लोक ठरवणार? लग्न २० तारखेला. पण मामाच्या जागी कुणी उभं राहणार नाही, आणि तुमचं नाव गावासकट माईकवर घेतलं जाईल.

काकांनी मान डोलावली होती. प्रत्यक्षात वाडीत काय? स्टेजवर पक्षाची माणसं, शाल-नारळ, एकेकाचं नाव पुकारणं चाललेलं. मुहूर्ताची वेळ झाली. गुरुजी माईकवर म्हणाले, "मुलीच्या मामांच्या जागी नरेंद्रभाई मुलीला घेऊन येतील." मी खोलीच्या दारातच बसले. म्हटलं, नाव घ्या, मग येते.

मामा, मग जे रण माजलं! कुणी म्हणालं, सैनिक मरतायत आणि हिला कराची सुचतंय. मला ते लागलं. आमच्याच शेजारच्या पार्वतीबाईंचा मुलगा तिकडे द्रासला आहे. मी काही बोलणार, तर पार्वतीबाईच पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मेरे बेटे का नाम लेकर मत लड़ो. लड़की का मामा है, नाम लो." नरेंद्रभाई म्हणाले, असं नाव घेतलं तर आम्ही उठून जाऊ. काका एकदा नरेंद्रभाईंकडे बघत, एकदा मांडवाकडे. मग आई उठली आणि रिकाम्या पाटामागे तुमच्या जागेवर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "मना भाऊ जित्ता शे. त्यानी जागा मी कोनलेच देवाव नही." कुंदन पाटावरून उतरला आणि माझ्या शेजारी दारात येऊन बसला. मुंडावळ्यांसकट.

काकांनी गुरुजींच्या हातातून माईक घेतला. म्हणाले, "मुलीचे मामा, श्रीरंग बाविस्कर, कराची. येऊ शकले नाहीत. त्यांच्या जागी मुलीची आई." नरेंद्रभाई आणि त्यांचे चौघे उठून गेले. काका मांडवाकडे बघत उभे राहिले, आता लोक काय करतात म्हणून. आणि मागच्या रांगेतून एक आवाज आला, "अरे, अक्षता टाका की! भूक लागली!" सगळा मांडव हसला. ज्या लोकांच्या भीतीने वर्षभर तीन मसुदे झाले, ते लोक वरणबट्टीची वाट बघत होते.

मुहूर्त मात्र टळला. एक वाजून पाच झाले होते. कुंदनची आत्या अजून कुरकुरते की अर्धा तास वेळ चुकली, अपशकुन. काका म्हणतात, "गेलं तिकीट." पण काल मी त्यांना चहा दिला तर म्हणाले, "तुझ्या मामाला लिही, नाव मी घेतलं म्हणून."

लिहिलं. आणि मामा, मंगलाष्टकं चालू असताना मी एकदा मागे वळून बघितलं. आई होती. मी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं.

वृषाली


कराची
११ जुलै १९९९

चि. सौ. वृषाली,

रघुनाथरावांना माझा सलाम सांग. जुलूसात ओरडणं सोपं आहे. भरल्या मांडवात आपल्याच लोकांना पाठ दाखवून एक नाव घेणं, हे मला गेल्या वर्षी जमलं नव्हतं.

आता माझं ऐक. वीस जूनला मी अंघोळ करून धुतलेले कपडे घातले, चुड्याचा डबा घेतला आणि गच्चीवर गेलो. घड्याळात बारा पस्तीस झाले तसा सुरतेच्या दिशेने तोंड करून उभा राहिलो. मंगलाष्टकं येत नाहीत, अम्मा म्हणायची त्यातल्या दोन ओळी आठवल्या, त्याच पुन्हा पुन्हा म्हटल्या. जिन्यात पावलं वाजली. गफूरभाई आला, धापा टाकत. वर्षभरापूर्वी ज्याने मला घरी पळवलं तोच. म्हणाला, "भांजी का निकाह है ना? अकेले क्यों खड़ा है?" आणि माझ्या शेजारी उभा राहिला. खालून लढाईचे नारे ऐकू येत होते, समोरच्या गच्चीवरून लोक बघत होते. आम्ही दोघे म्हातारे हललो नाही.

रात्री आकाशवाणी लावली. निवेदिकेने वेळ सांगितली आणि मी माझ्या घड्याळाकडे बघितलं. तुमचं घड्याळ आमच्यापेक्षा अर्धा तास पुढे. तुमचे बारा पस्तीस झाले तेव्हा मी अंघोळ करत होतो. मी उभा राहिलो तेव्हा तुमच्याकडे एक पाच, अक्षता केव्हाच पडलेल्या. एक काम होतं जन्मात, बेटा, आणि तेही चुकलं. तीन हफ्ते मी कबुतरांकडे गेलो नाही. तुला लिहायची हिंमत झाली नाही.

काल तुझं पत्र आलं. गफूरभाईच्या दुकानात उभा राहून वाचलं. एक वाजून पाच! मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की दुधाचं गिऱ्हाईक दचकलं. कुंदनच्या आत्यांना सांग, वेळ चुकली नाही. तुम्ही सगळे माझ्यासाठी थांबला होतात. तू वळून पलीकडे बघितलंस ना, तिथे मी होतो.

चुडा डब्यात आहे, एकही बांगडी तडकली नाही. या बांगड्या कुणाला हिणवायला नाहीत, भाचीच्या हातात भरायला घेतल्या आहेत, आणि त्या मीच भरणार. आज तिसरा अर्ज लिहिला. गाव, सुरत. बाबू विचारेल, लग्न तर झालं, आता काय? म्हणून येण्याचं कारण आधीच नीट लिहून टाकलं आहे: भाचीच्या पाठीशी उभं राहणं.

तुझा मामा
श्रीरंग बाविस्कर, कराची